आखूड पायाची खवणी

मित्रांनो, आधी कुणीतरी माझ्या पुढच्या डाव्या पायाखाली करवंटीचा एक तुकडा सरकवा. नाहीतर मला धड बोलताही येणार नाही. मी लाकडाची एक जुनी खवणी आहे आणि स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. कुणी माझ्यावर बसलं की डुग, उठलं की डुग. मांजर अंग घासून गेलं तरी डुग. जन्मापासून मी अशीच आहे. त्यात माझा काही दोष नाही. दोष मुहूर्ताचा आहे.

माझा जन्म लंकेतला, मातर शहराच्या अलीकडच्या एका खेड्यातला. विल्बर्टचं लग्न ठरलं, मिसिनोना नावाची मुलगी सून म्हणून घरात येणार होती. तिच्यासाठी त्याने परसातला फणस तोडला आणि जेमिस सुताराला बोलावून बसायची खवणी करायला सांगितली. आमच्या गावात दात घासायला तेवढा मुहूर्त बघत नाहीत, बाकी सगळ्याला बघतात. माझा शेवटचा खिळा कधी ठोकायचा तेही विल्बर्टने पंचांगात बघून ठेवलं होतं. जेमिस मात्र विडी ओढत निवांत बसला होता.

"जेमिस, अरे वेळ चालली!" विल्बर्ट ओरडला.

मग काय विचारता! जेमिसने विडी फेकली, चौथा पाय नुसत्या नजरेच्या अंदाजाने कापला आणि नेमक्या मुहूर्तावर खिळा ठोकला. मला जमिनीवर ठेवलं. डुग!

"हे काय?" विल्बर्टने विचारलं.

"मुहूर्त गाठला की नाही? मग झालं तर," जेमिस घाम पुसत म्हणाला. "पाय काय, झिजून झिजून होतील सारखे."

बाकीचे तीन पाय झिजायची वाट बघत मी आजतागायत उभी आहे.

पण कामाला मी वाघीण होते हो! लोहाराने माझ्या तोंडाला लोखंडाची जीभ बसवली होती, तिला बारीक बारीक दाते होते. मिसिनोना माझ्यावर बसायची, नारळाची अर्धी वाटी माझ्या जिभेवर धरून फिरवायची, आणि खाली थाळीत पांढरं शुभ्र खोबरं भुरभुरायचं. करवंटीचा तपकिरी रंग दिसायला लागला की तिचा हात आपोआप थांबायचा. मग ती उठून पाट्याकडे जायची. सुक्या लाल मिरच्या, खडेमीठ, उन्हात वाळवून लाकडासारख्या टणक केलेल्या माशाचे तुकडे आणि चिमुकले लाल कांदे, सगळं वरवंट्याखाली रगडलं जायचं. त्यावर माझं खोबरं पडायचं. वरवंटा दोनचारदा फिरला की खोबरं लालेलाल व्हायचं. वरून लिंबू पिळायचं आणि हाताने नीट कुस्करायचं. झालं संबोल! चूल नको, तेल नको, फोडणी नको. विल्बर्ट पहिला घास घ्यायचा, नाकाडोळ्यांतून पाणी काढायचा आणि पुन्हा ताट पुढे करायचा.

"तोंडाला आग लागली," तो म्हणायचा, "पण हात काही थांबत नाही गं!"

श्रेय पाट्याला मिळायचं, मिसिनोनाच्या हाताला मिळायचं. मला कुणी शाबास म्हणायचं नाही. असू दे. माझी तक्रार एकच होती. खवता खवता मी इतकी हलायचे की मिसिनोनाच्या बोटांना माझे दाते लागायचे. माझ्या पायाखाली तिने करवंटी घालून पाहिली, चिंधी घालून पाहिली, चपटा दगड घालून पाहिला. खवण्याच्या जोराने सगळं सटकून जायचं.

मग रसांजली झाली. विल्बर्ट आणि मिसिनोनाची एकुलती एक पोर. ती चालायला लागली तशी स्वयंपाकघरात लुडबुडायला लागली. एक दिवस मिसिनोना खवत होती, मी डुगडुगत होते, आणि या पोरीने येऊन आपलं इवलंसं पाऊल माझ्या आखूड पायाच्या कोपऱ्यावर दाबून धरलं.

मित्रांनो, मी थांबले! आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प उभी राहिले. मिसिनोनाने खाली बघितलं आणि ती हसायला लागली.

तेव्हापासून ते रसांजलीचं काम झालं. मोबदला म्हणून ती थाळीतलं खोबरं मुठीमुठीने तोंडात कोंबायची. मिसिनोना तिच्या हातावर चापट मारायची. "खाऊ नकोस गं बये! खवताना खोबरं खाणाऱ्या मुलीच्या लग्नात पाऊस पडतो. वऱ्हाड चिखलात बसवशील तू माझं!"

"पडू दे," पोर तोंड भरून म्हणायची. "मला पाऊस आवडतो."

विल्बर्ट वारला तेव्हा रसांजली शाळेत जात होती. त्यानंतर घरात मायलेकीच उरल्या. पोर मोठी झाली, उंच झाली, पण मिसिनोना माझ्यावर बसली की तिचं पाऊल त्या कोपऱ्यावर यायचंच. ते माझे सुखाचे दिवस.

आता पुढचं सांगताना मला पुन्हा हलल्यासारखं होतंय. तो तुकडा जरा आत सरकवा.

रसांजलीला उपुल आवडला. उपुल मातरच्या बसवर कंडक्टर होता. मुलगा हसतमुख होता. मिसिनोनालाही तो पसंत पडला असता, पण तिने दोघांच्या पत्रिका ज्योतिषाकडे नेल्या आणि ज्योतिषाने मान हलवली. जुळत नाहीत म्हणाला. संपलं! पंचांगाने नाही म्हटल्यावर मिसिनोनापुढे देवाचीही टाप नव्हती. मायलेकी कितीतरी दिवस भांडल्या. आणि एक दिवस रसांजली उपुलबरोबर मातरला गेली आणि सरकारी कचेरीत लग्न लावून दुसऱ्या दिवशी घरी आली. दोघांच्या हातात विड्याच्या पानांची जुडी होती. आमच्याकडे मोठ्यांना पानं देतात, पाया पडतात. त्यांनी पानं घेतली म्हणजे आशीर्वाद मिळाला.

मिसिनोनाने पानं घेतली नाहीत.

"मंगळवारी?" ती एवढंच म्हणाली. "तेही राहूकाळात? ना मांडव, ना मुहूर्त. याला लग्न म्हणत नाहीत. ज्या वाटेने गेलीस त्याच वाटेने जा."

पोर गेली. दर नव्या वर्षाला ती पानांची जुडी घेऊन कुंपणापर्यंत यायची आणि दर वेळी मिसिनोना आतून कडी लावायची. कडी लावून दाराच्या फटीतून बघत बसायची, ते मी पाहिलंय. पण दार उघडायची नाही.

मला धरायला कोणी उरलं नाही. एकदा मिसिनोनाच्या अंगठ्याला माझे दाते लागले तशी ती चिडली आणि बाजारातून चाकाची पोलादी खवणी घेऊन आली. ती टेबलाला घट्ट पकडते आणि मूठ फिरवली की गरागरा फिरते. डुगडुगत नाही ना, ठमाबाई! मला न्हाणीमागे फेकलं. कोंबड्या माझ्यावर झोपायच्या. जिभेला गंज चढला. आणि एक गोष्ट मला न्हाणीमागूनही कळत होती. त्या घरात आमटी होत होती, भाजी होत होती, पण पाट्यावर मिरची काही वाजत नव्हती. संबोल बंद झालं होतं.

मागे एकदा नव्या वर्षाची झाडलोट निघाली. मिसिनोनाने मला उचललं. मला वाटलं, आता घासणार, उन्हात ठेवणार. तिने मला चुलीशेजारी सरपणाच्या ढिगावर टाकलं.

"नव्या वर्षाची चूल पेटवायला बरं आहे फणसाचं लाकूड," ती स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा माझं काय झालं असेल? पांगारा लाल फुलला होता, बाहेर कोकीळ ओरडत होता, गाव खुशीत होतं, आणि मी माझ्या मरणाचा मुहूर्त मोजत पडले होते.

आमच्या नव्या वर्षाची एक गंमत आहे. जुनं वर्ष संपतं, पण नवं लगेच सुरू होत नाही. मध्ये एक रिकामी वेळ असते, नोनगत म्हणतात तिला. सूर्याचा एक पाय जुन्या राशीच्या घरात आणि एक पाय नव्या राशीच्या घरात असतो. त्या वेळात चूल विझवायची, विळी-कोयता ठेवून द्यायचा, कुठल्याच कामाला हात लावायचा नाही. देवळात जायचं, नाहीतर गप्प बसायचं. मग पंचांगात दिलेल्या वेळेला, दिलेल्या दिशेला तोंड करून चूल पेटवायची आणि नवं वर्ष सुरू करायचं. त्या दिवशी नोनगत सकाळीच लागलं. चुलीची वेळ संध्याकाळची होती. टेबलावर तळलेली पक्वान्नं झाकून ठेवली होती. मिसिनोना पांढरे कपडे घालून, गुडघे चोळत, पायरीवर बसली होती.

आणि कुंपणाचं फाटक वाजलं. रसांजली सरळ आत आली. एका हातात पानांची जुडी, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला पाव. आणि पोट चांगलंच पुढे आलेलं.

"कुणाला विचारून आलीस आत?" मिसिनोना उठायला लागली.

"अम्मा, बस खाली. नोनगत लागलंय," पोर शांतपणे म्हणाली. "तू पंचांग सोडून वागत नाहीस ना? मग या वेळात काही काम करता येत नाही. मला हाकलणं हेही कामच आहे. वेळ संपली की हाकल."

मिसिनोना पुन्हा खाली बसली. बाई गं! मी सरपणात पडल्या पडल्या मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पंचांगाने कोंडलेल्या आईला पोरीने पंचांगानेच गाठलं होतं.

रसांजली हुश्श करत पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोघी समोर बघत राहिल्या. मग मिसिनोनाने कुंपणाला विचारलं, "कितवा?"

"सातवा."

"खाल्लंस काही?"

"पाव आणलाय स्टँडवरून. कोरडा जात नाही घशाखाली." पोरीने पाव मांडीवर ठेवला. "अम्मा, मला संबोल हवंय. सासूबाईंनी करून घातलं, शेजारणीने घातलं, हॉटेलातलं आणलं. एकाचीही चव लागत नाही. तुझ्या हातचं हवंय."

"चूल बंद आहे."

"संबोलाला चूल कुठे लागते?"

"काम बंद आहे."

पण मिसिनोनाला चैन पडेना. गरोदर बाईचे डोहाळे मोडले तर बाळाचे कान वाहतात, असं तीच गावभर सांगत फिरायची. एकीकडे नोनगत, दुसरीकडे डोहाळे. ती उठली, बसली, पुन्हा उठली, पाण्याच्या माठापर्यंत जाऊन पाणी न पिताच परत आली. माझ्यापेक्षा तीच जास्त डुगडुगत होती. आणि मला धास्ती वेगळीच होती. संध्याकाळ झाली की नोनगत संपणार. मग ही पोर बाहेर जाईल आणि मी चुलीत.

तेवढ्यात फुलांची परडी घेऊन शेजारीण पोडिनोना देवळाकडे निघालेली दिसली. रसांजलीला बघून ती फाटकातच थबकली.

"ये, ये पोडिनोना, बघ तरी!" मिसिनोनाला बोलायला माणूस मिळालं. "सातवा महिना चाललाय म्हणे. लग्न न होताच!"

"अम्मा, लग्न झालंय माझं."

"झालंय? मंगळवारी, सरकारी टेबलासमोर? अगं, ते लग्न असतं तर पाऊस पडला असता! अर्धा अर्धा नारळ फस्त करायचीस तू माझ्या थाळीतला. सगळ्या गावाला माहीत आहे. त्या मंगळवारी मी इथे अंगणात मासे वाळत घातले होते. पडला एक तरी थेंब? सांग गं पोडिनोना, पडला?"

पोडिनोना परडीतली फुलं निरखायला लागली.

"पडला, अम्मा," रसांजली म्हणाली.

"खोटं बोलू नकोस, आजच्या दिवशी तरी!"

"इथे नाही. मातरला पडला. आम्ही कचेरीतून बाहेर आलो आणि आभाळ फाटलं. छत्री नव्हती कुणाकडे. उपुलच्या बुटांत पाणी भरलं. मी रडले तेव्हा. म्हटलं, अम्मा असती तर आत्ता मला चापट मारली असती."

मिसिनोनाने हनुवटी वर केली. "साक्षीला कोण आहे?"

पोडिनोनाने परडी खाली ठेवली, वर उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"अक्के," ती पुटपुटली, "साक्षीची सही मीच केली होती."

"काय?"

"पोर रडत आली माझ्याकडे. मी काय करणार? गेले सोबत. आणि अक्के, ते… त्या संध्याकाळी मी विहिरीवर घसरले म्हणून सांगितलं ना तुला? मी विहिरीवर नव्हते घसरले."

हळूहळू मिसिनोनाला आठवायला लागलं. नखशिखांत भिजलेली पोडिनोना तिच्या दारात उभी होती. अंग पुसायला पंचा तिनेच दिला होता. नेसायला कोरडी साडीही तिनेच काढून दिली होती.

"माझी निळी साडी नेसून गेलीस तू," ती म्हणाली.

"हो."

"अजून परत केली नाहीस."

"कुठल्या तोंडाने करणार होते, अक्के?"

मिसिनोना पायरीवर बसली. मग एकदम बारीक आवाजात तिने विचारलं, "खूप पडला?"

"खूप, अम्मा. रस्त्यातून पाणी वाहत होतं."

"मी सांगत होते," मिसिनोना म्हणाली, "खाऊ नकोस इतकं म्हणून मी सांगत होते," आणि तिने तोंडाला हात लावला आणि ती रडायला लागली. मुलीच्या लग्नात पाऊस पडला होता आणि ती तिथे नव्हती. मासे राखत अंगणात बसली होती. पोडिनोनाही रडायला लागली. तिला रडायला कधीच निमित्त लागत नाही म्हणा.

डोळे पुसून मिसिनोना उभी राहिली. "पोडिनोना, नोनगतात नारळ खवू नये, असं लिहिलंय का गं पंचांगात?"

"नारळाचं नाव घेऊन नाही लिहिलेलं, अक्के."

"मग झालं तर. चुलीला मी हात लावणार नाही. तू जा देवळात. माझ्या वाटणीची फुलंही तूच वाहा. आणि कुणी विचारलं तर सांग, मिसिनोनाचे गुडघे दुखतायत."

दोघी स्वयंपाकघरात आल्या. मिसिनोनाने नारळ फोडला आणि टेबलावरच्या ठमाबाईकडे वळली.

"ती नको, अम्मा," रसांजली म्हणाली. "तिचं भरड पडतं. आपली कुठाय?"

आपली! ऐकलंत ना? आपली, म्हणाली!

तिने इकडे तिकडे पाहिलं आणि सरपणाच्या ढिगातून मला ओढून काढलं. "हिला जाळणार होतीस?"

"डुगडुगते मेली," मिसिनोना खाली बघून म्हणाली. "धरायला कोण आहे घरात?"

रसांजलीने वाळू आणि लिंबाने माझी जीभ घासली, गंज काढला, पुसून मला जमिनीवर ठेवलं. मिसिनोना माझ्यावर बसली. डुग! आणि पोरीचं पाऊल, आता चांगलं मोठं, सुजलेलं, पुढे आलं आणि माझ्या कोपऱ्यावर टेकलं.

मी थांबले. इतक्या वर्षांची माझी सगळी घालमेल त्या पावलाखाली निवली.

नारळ फिरायला लागला. खोबरं भुरभुरलं. सवयीने पोरीचा हात थाळीत गेला आणि सवयीने मिसिनोनाची चापट वर आली, पण ती मध्येच थांबली.

"खा," ती म्हणाली. "पोटभर खा. पडायचा तेवढा पाऊस पडून गेलाय."

पाट्यावर मिरची वाजली, माशाचे तुकडे रगडले गेले, लिंबू पिळलं गेलं. पोरीने कोरड्या पावाचा तुकडा तोडला, त्यावर लाल संबोल दाबलं आणि डोळे मिटून खाल्लं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. "हेच," ती म्हणाली. "हेच हवं होतं."

"तो कुठाय?" मिसिनोनाने विचारलं.

"पांगाऱ्याखाली उभाय सकाळपासून. घाबरलाय."

"बोलाव आत. पण नवं वर्ष लागायच्या आधी मी त्याच्याशी बोलणार नाही. नवं नातं सुरू करायची ही वेळ नाही."

मग तिने जावयाला एक शब्दही न बोलता, नुसत्या खाणाखुणांनी जेवायला वाढलं. पाणी हवंय का तेही हातानेच विचारलं! संध्याकाळी देवळातला ढोल वाजला, फटाके उडाले, चूल पेटली. नारळाच्या शेंड्यांवर पेटली, माझ्यावर नाही. मिसिनोनाने दोघांच्या हातातली पानं घेतली आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढे एकदा उपुल हातोडी आणि लाकडाचा ठोकळा घेऊन माझ्याजवळ बसला. "अम्मा, हिचा पाय सारखा करून देतो."

"हात लावू नकोस!" मिसिनोना आतून अशी ओरडली की बिचाऱ्याच्या हातून हातोडी पडली. "ती अशीच राहू दे."

मित्रांनो, माझं मागणं तेवढंच आहे. मला उन्हात सुकवा, माझी जीभ घासा, वाळवी लागू देऊ नका, पण माझा पाय मात्र दुरुस्त करू नका. आणि तुमच्या घरात कुणी डुगडुगणारं असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला लगेच सरपणात टाकू नका. आधी जवळ जाऊन पाऊल टेकवून बघा.

बरं, आता तो करवंटीचा तुकडा काढून घ्या. लवकर काढा! मिसिनोना नारळ घेऊन येतेय, आणि तिच्यामागून पायरीवर इवलीशी पावलं वाजतायत.